न्हाणी नसलेल्या घरात

संपादकांचा फोन आला, "नंदाताई, तुम्ही लंडनला राहून आलात. तिथल्या गमतीजमती लिहा की अंकासाठी." आमच्या चौल गावातून शिकायला आणि नोकरीला तिकडे गेलेले पुष्कळ आहेत. पण तेलाची बाटली आणि ओव्याची पुडी घेऊन गेलेली साठीची बाई मी एकटीच असेन, म्हणून त्यांना कौतुक. खरं सांगायचं तर लंडन मी दोन खिडक्यांतून पाहिलं. एक बाराव्या मजल्यावरची आणि एक तळमजल्यावरची. पहिलीतून छपरं दिसायची, दुसरीतून उभ्या केलेल्या मोटारी. गमतीचं त्यात थोडंच आहे. बाकीचं मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही, ते आता लिहून टाकते.

माझं काम बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याचं. लोक मला सुईण समजतात, पण सुईण वेगळी. हल्ली बाळं दवाखान्यात जन्मतात, त्यात माझा काही हात नाही. मायलेकरू घरी आलं की माझं काम सुरू होतं आणि सव्वा महिन्याने संपतं. आधी आईचं अंग चोळायचं, तिला कढत पाण्याने न्हाऊ घालायचं, जुन्या सुती लुगड्याचा पट्टा फाडून पोट घट्ट बांधायचं. मग न्हाणीत पाटावर बसायचं, पाय लांब सोडायचे आणि नडग्यांवर बाळ घ्यायचं. तेल, डाळीचं पीठ, साय, मग कोमट पाण्याची धार. शेवटी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी. एवढं झालं की बाळ चार तास झोपतं आणि घरातले मला देव मानतात. बाळ उठेपर्यंत.

हे मी सासूकडून शिकले. तिने पहिले सहा महिने मला बाळाला हात लावू दिला नाही. मी फक्त पाणी तापवायचं आणि तिच्या कोपरावर ओतून दाखवायचं. मग दुधी भोपळ्याला तेल चोपडून तो पायांवर घेऊन न्हाऊ घालायला लावला. भोपळा निसटला तर त्या दिवशी वाढताना तिचा हात आखडायचा. पुढे माझ्या पायांवरून बाळ कधी निसटलं नाही, याचं श्रेय त्या भोपळ्याला आहे.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. आगरदांड्याच्या हाजराबींकडे सव्वा महिना मुक्कामाला होते. त्यांचा मुलगा आखातात नोकरीला. त्याला मुलगा झाला तरी सुटी मिळाली नाही. हाजराबी रोज न्हाणीच्या दारात मोबाइल धरून उभ्या राहायच्या आणि तो तिकडे जेवणाच्या सुट्टीत पोराची आंघोळ बघायचा. पाणी जरा डोळ्यांत गेलं की तिकडून ओरड, "नंदाबाय, आस्ते! आस्ते!" मी म्हणायचे, इतकी काळजी हाय तर ये आणि तूच घाल. तो हसायचा, मग एकदम गप्प व्हायचा. परक्या मुलखात बसून आपल्या माणसाला नुसतं बघत राहणं काय असतं, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

आता बिब्ब्याचं सांगायला हवं. बाळाचं पोट दुखायला लागलं, ते पाय पोटाशी घेऊन रडायला लागलं, की आमच्याकडे बिब्बा घालायची रीत. बिब्बा म्हणजे काजूच्या बीपेक्षा लहान, काळं, टणक फळ. सुईने टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. त्याचे बेंबीच्या चार बाजूंना चार टिपके द्यायचे. ते तेल कातडी जाळतं. बाळ पोटातलं दुखणं विसरतं ते त्या जळण्याने, असं आता मला वाटतं, पण तेव्हा मी त्याला औषध समजत होते. चौलातल्या माझ्या वयाच्या कुणाचंही पोट बघा, चार डाग असतील. माझ्याही आहेत.

तीसेक वर्षांपूर्वी रेवदंड्याच्या कोळीवाड्यात हिराच्या मुलाला मी असाच बिब्बा घातला आणि तो उतला. तिसऱ्या दिवशी पोराच्या छातीपर्यंत पाण्याचे फोड. त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात धावले. तिथल्या डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. फोड धुतले, मलम लावलं आणि मला म्हणाल्या, "मावशी, उद्या स्वतःच्या मनगटावर एक टिपका द्या आणि चार दिवसांनी मला येऊन सांगा." मी हट्टी. दिला. मला चार दिवस भाकरी थापता आली नाही. मनगटावरचा तो डाग अजून आहे, पावलीएवढा. हिरा मात्र म्हणाली, "जाव दे गो मावशे. पोर बरा हाय ना? तू काय मुद्दाम केलास?" त्या संध्याकाळी पिशवीतले होते नव्हते तेवढे बिब्बे मी खाडीत टाकले आणि कानाला खडा लावला.

म्हणजे मला ठाऊक होतं. पुढचं वाचताना हे विसरू नका.

शैलाकाकूंची चौलात नारळी-सुपारीची वाडी आहे, वाडीत पर्यटकांसाठी खोल्या आहेत. केतकी त्यांची एकुलती एक मुलगी. तिला पहिलं न्हाणं माझ्या हातचं. आमचं घर त्यांच्या कुंपणाला लागून. ती बोलायला लागली तशी कुंपणापलीकडून "नंदामावशीऽ" अशी हाक मारायची, मी गेले नाही तर भोकाड पसरायची. मोठी झाली, शिकली, लग्न होऊन लंडनला गेली. तिकडे दोनदा दिवस राहिले आणि दोनदा गेले. तिसऱ्यांदा टिकलं, तेव्हा इकडे काकूंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं.

"नंदा, तू जा गो," काकू म्हणाल्या. "तुझ्या हातांत माझी पोर वाढली. तीन महिने तर जायचंय. आणि हे बघ, कामाला जात्ये असं तिकडे बोलायचं नाही. आत सोडायचे नाहीत. केतकीची मावशी म्हणून जायचं."

मला त्यात खोटं वाटलं नाही. ती मला मावशीच म्हणायची. काकूंनी माझ्याकडून चार इंग्रजी वाक्यं घोटून घेतली. विमानतळावर काचेमागच्या माणसाने विचारलं, कुणाकडे आलात? मी म्हटलं, माय नीस. काय काम करता? हाऊसवाइफ. त्याने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. बाहेर केतकी पोटावर हात ठेवून उभी होती. तिने मला मिठी मारली, तेव्हा मला वाटलं, जग जिंकलं.

पहिला धक्का तिच्या घरी बसला. मी विचारलं, न्हाणी कुठाय? ती हसत सुटली. बाराव्या मजल्यावरच्या त्या घरात न्हाणी नव्हती. होती ती एक चकचकीत खोली, तिच्या जमिनीला पाणी जायला भोकच नाही. पाणी सांडायचं ते टबात, बाहेर थेंब पडला तर पुसायचा. पाट मांडायला जागा नाही. चुलीला ज्वाळा नाही, काळी काच नुसती लाल होते. बाळ यायच्या आधी एकदा मी तव्यावर ओवा टाकून धुरीचा अंदाज घेऊन बघितला. छताला चिकटवलेली एक पांढरी डबी अशी काही किंचाळायला लागली की खालीवरची माणसं दारात आली. निखिल, केतकीचा नवरा, खुर्चीवर चढून ती डबी टॉवेलने वारा घालून शांत करत होता. स्वभावाने गरीब माणूस. म्हणाला, "मावशी, ओवा आपण खाऊया. जाळायचा नको." एवढीच काय ती गंमत.

मुलगी झाली. नाव ठेवलं रेवा, आमच्या रेवदंड्यावरून. केतकीनेच सुचवलं. तिकडे बाळंतपणानंतर नर्स घरी येते. ही मोठी गोड बाई होती, माझ्याशीही हसून बोलायची. पण तिने सांगितलेलं ऐकून माझे हात गळाले. बाळाला रोज आंघोळ नको. एवढ्यात तेल नको. डाळीचं पीठ नकोच. कुशीत उशी नको, पोट बांधायला नको, काजळ नको. केतकी तिचा शब्द न् शब्द पाळायची. तिचं चुकत नव्हतं. दोन गेल्यावर हाती आलेलं बाळ, ती कशाला धोका पत्करेल?

मग मी कशाला होते? मी पोळ्या करायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, आणि रेवा झोपली की खिडकीशी जाऊन बसायचे. काच उघडत नसे. खाली इतकी माणसं चालायची आणि आवाज एकाचाही वर यायचा नाही. एकटीने लिफ्टमध्ये जायची भीती वाटायची. ज्या हातांना चौल-रेवदंड्यात लोक बोलावणी धाडतात, ते मांडीवर ठेवून बसायचं. कधी कधी मी नुसतीच पाय लांब करून बसत असे, नडग्यांवर काही नसताना. तीन महिने म्हणजे किती, ते मला पंधरा दिवसांतच कळलं.

तिसऱ्या आठवड्यात रेवाला पोटदुखी लागली. संध्याकाळचे पाच वाजले की सुरू. पाय पोटाशी, मुठी आवळलेल्या, चेहरा लाल. दोन-तीन तास रडायची. नर्स म्हणाली, होतं असं, आपोआप थांबतं, उभी धरून फिरवा. फिरवून फिरवून केतकीचे पाय सुजले. ती बाळाबरोबर रडायची. आणि समोर मोबाइलवर चौलाहून शैलाकाकू.

"काय बघत बसल्येस नंदा? बिब्बा घाल ना."

मी बाजूला जाऊन सांगितलं, "काकू, मी सोडलंय ते. आणि इथे बिब्बा कुठला आणू?"

"तुझ्या पिशवीत दिलेल्या बाळंतशेपेच्या डब्यात तळाला बघ. मी ठेवलाय फडक्यात बांधून. मला ठाऊक होतं, तू नेणार नाहीस."

दोन दिवस मी नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "तुला धाडलं कशाला मग? पोळ्या लाटायला तिथे मिळत नाहीत का?" मोबाइल ठेवला आणि मी त्या डब्याकडे बघत राहिले. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं कारण रेवाची पोटदुखी एवढंच नव्हतं. मला माझे हात परत हवे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी निखिल कामाला गेलेला, केतकीचा डोळा लागलेला. रेवा माझ्याकडे होती, त्या दिवशी दुपारपासूनच कळवळत होती. मी देवापुढचं निरांजन लावलं, सुई घेतली. अगदी पुसट चार टिपके दिले, मोहरीएवढे. वर थोडं खोबरेल लावलं. आणि काय सांगू, पोर थांबली. माझ्या खांद्यावर झोपून गेली. त्या संध्याकाळी घर इतकं शांत होतं की निखिलने दारातून आत येताना घाबरून विचारलं, काय झालं? केतकी म्हणाली, "मावशीच्या हाताला जादू आहे." मी तव्यावरची पोळी उलटली. मनातून मात्र इतकी फुलले होते.

माझं चुकलं ते असं. बिब्ब्याचा टिपका उघडा ठेवायचा असतो, त्याला काही घासू द्यायचं नसतं. आमच्याकडे बाळाला सैल सुती लंगोट. तिथे प्लास्टिकचा डायपर, कमरेला घट्ट रबर, थेट बेंबीपर्यंत येणारा. तो मीच बांधला होता. रात्रभर तो पोटावर घासत राहिला आणि ते तेल पसरलं. सकाळी वजन करायला नर्स आली. तिने डायपर उघडला आणि तिचं हसू गेलं. पोटावर चार बोटं रुंद लाल पट्टा, मधे फोड. तिने आवाज न चढवता केतकीला विचारलं, हे कशाने भाजलं? केतकी बाळाकडे बघत उभी राहिली.

अर्ध्या तासात आम्ही हॉस्पिटलात होतो.

तिथल्या लोकांना मी दोष देणार नाही. एवढ्याशा जिवाच्या पोटावर भाजल्याची खूण आहे आणि आईबाप म्हणतात, माहीत नाही. त्यांनी काय समजायचं? त्यांनी रेवाला ठेवून घेतलं. केतकीने तिला भेटायचं ते नर्ससमोर, दूध पाजायचं तेही कुणी जवळ बसलेलं असताना. एकटीने उचलायचं नाही. मलाही विचारलं, तुम्हाला काही माहीत आहे का? निखिलने मराठीत सांगितलं. मी मान हलवली. नाही.

का हलवली? कारण वाटेत काकूंचा फोन आला होता. "तोंडातून ब्र काढू नकोस. तू कोण, कशी आलीस, सगळं उकरतील. निखिलची नोकरी जाईल, पोरांना देशोधडीला लावशील." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तसं झालं. पण तो मार मला नव्हता, केतकीला होता. आणि काकूंनी सांगितलं म्हणून मी गप्प बसले, हेही पूर्ण खरं नाही. मला भीती वाटली. परक्या देशातली पोलीस चौकी डोळ्यांपुढे आली आणि मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी केतकी कपडे न्यायला घरी आली. माझ्यासमोर जमिनीवर बसली, लहानपणी बसायची तशी, आणि म्हणाली, "मावशी, मला खरं सांग. माझ्याकडून काही झालं का? मी झोपेत होते. गरम पाण्याची पिशवी माझ्या हातात होती का? मला काही आठवतच नाही. माझं डोकं फिरलंय का?"

मी म्हटलं, "नाही गो, तू काही केलं नाहीस."

"मग कुणी?"

मी तिच्या केसांवरून हात फिरवला. त्याच हाताने. आणि गप्प बसले. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या, बाळांच्या, बाळंतिणींच्या, पण त्या एका दुपारची चूक मला मरेपर्यंत पुरेल.

तिसऱ्या दिवशी निखिल म्हणाला, उद्या ते ठरवणार आहेत. रेवाला घरी पाठवायचं, की चौकशी होईपर्यंत दुसऱ्या कुणाच्या घरी ठेवायचं. हे सांगताना तो भिंतीला धरून उभा होता. मी चपला घातल्या. म्हटलं, मला तिकडे ने.

एका छोट्या खोलीत बसवलं. समोर दोन बायका आणि एक पोलीस. टेबलावर मोबाइल आणि त्यातून मराठी बोलणारी दुभाषी बाई. तिचा सूर नागपूरकडचा वाटला. इतक्या दिवसांत घराबाहेरचं पहिलं मराठी. मी म्हटलं, बाई, माझं चुकलंय हो, आता कसं सांगू? ती म्हणाली, "ताई, मी फक्त तुमचं बोलणं यांना आणि यांचं तुम्हाला सांगते. मला दुसरं काही बोलता येत नाही." मग तिने विचारलेला पहिला प्रश्न होता, तुम्ही बाळाच्या आईच्या कोण?

"कुणी नाही," मी म्हटलं. "मी न्हाऊ घालणारी बाई. कामाला आले."

केतकी दाराजवळ बसली होती. तिने मान वर केली.

मग मी बिब्ब्याचं सांगितलं. दुभाषी बाई थबकली. बिब्बा तिला ठाऊक असणार, तिच्याही पोटावर असतील चार टिपके. पण तिकडच्यांना काय म्हणून सांगायचं? तिने चार-पाच वाक्यं वापरली. त्या बायकांना तरी कळेना, त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, विस्तव होता का? लोखंड होतं का? शेवटी मी बाही वर केली आणि मनगटावरचा डाग दाखवला. मोबाइलकडे बघून म्हटलं, यांना सांगा, हे काय करतं ते मला आधीपासून ठाऊक होतं. दुभाषी बाईने ते सांगितलं.

सगळं लिहून घेतलं, माझी सही घेतली. कुणी मला बेड्या घातल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. रेवाला घरी जाऊ देणार, पण त्या घरात मी राहायचं नाही आणि चौकशी आटोपली की परत जायचं, असं ठरलं. माझ्या येण्याबद्दल मी खोटं बोलले होते, त्याचा निखिलला पुढे किती त्रास झाला ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारायचा धीर केला नाही.

खोलीतून बाहेर पडताना केतकी समोर आली. मला वाटलं मारेल. तिने मारलं असतं तर मी आज तिचे आभार मानले असते. ती म्हणाली, "बिब्ब्याचं मी समजून घेतलं असतं. माझ्या पोटावरही तूच घातलायस. पण मी तुला विचारत होते, आणि तू दोन दिवस बघत राहिलीस." एवढं बोलून ती रेवाच्या खोलीत गेली. तिला दूध पाजायचं होतं. दारातून पाहिलं, नर्स उठून बाहेर आली होती आणि केतकी बाळाजवळ एकटी होती.

निखिलने विमानतळाजवळच्या एका लॉजवर खोली घेऊन दिली. तळमजल्याची खिडकी, समोर मोटारी. तिथे मी परत जायची परवानगी मिळेपर्यंत सात दिवस काढले. तो रोज डबा आणून द्यायचा आणि उभ्या उभ्या निघून जायचा. एकदा मी विचारलं, रेवाचं पोट? म्हणाला, बरं होतंय, डाग राहील. त्या मोटारी सकाळी जायच्या, संध्याकाळी दुसऱ्या यायच्या. मी त्या बघायचे. हाजराबींच्या मुलाची मला तिथे फार आठवण आली.

चौलात माझ्याआधी बातमी पोचली होती. काकूंनी सांगितलं होतं, नंदाने चटका दिला. बिब्बा कुणाचा, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही नाही सांगितलं. आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि तेही त्यांना दोष देण्यासाठी नाही. बिब्बा त्यांचा असेल, हात माझा होता. गावातली बोलावणी थांबली. नुसती हिरा आली होती, तिच्या मुलाचं लग्न झालेलं, सून बाळंत होणार होती. "मावशे, येशील ना?" मी म्हटलं, नाही गो. तो मुलगा दारात उभा होता, चांगला उंचापुरा, छातीवर ते पांढरट वण. मला त्याच्याकडे बघवेना.

पाट अजून आहे. त्यावर मी आता पाण्याचा हंडा ठेवते.

यंदा मे महिन्यात केतकी आली. पाच वर्षांनी. मला कुणी सांगितलं नव्हतं. नाक्यावरच्या शहाळेवाल्याकडे मी नारळ विकत घ्यायला गेले, तर ती उभी, आणि शेजारी एक मुलगी शहाळं दोन्ही हातांत धरून पीत होती. गोबरी, सावळी, केसांत पिवळा चाप. पिता पिता पाणी सांडलं, फ्रॉकवरून आत गेलं. केतकीने फ्रॉक वर करून रुमालाने पोट पुसलं. बेंबीच्या वर तळहाताएवढा डाग. मुलीबरोबर तोही वाढलेला.

केतकीने मला पाहिलं. फ्रॉक खाली केला. मी म्हटलं, "कधी आलीस?"

"झाले चार दिवस."

माझ्या पिशवीत सकाळी झाडावरून उतरवलेले चार जाम होते. काढावे की नाही, त्या विचारात हात पिशवीतच राहिला. मुलगी माझ्याकडे टक लावून बघत होती. आईचा हात ओढून तिने मराठीतच विचारलं, "आई, या कोण?"

केतकीने रुमालाची घडी घातली. "आजीकडे कामाला यायच्या पूर्वी," ती म्हणाली. "बाळांना आंघोळ घालायच्या."

मुलीने मला हात हलवून टाटा केलं आणि त्या दोघी वाडीकडे चालायला लागल्या.

तिने खरं तेच सांगितलं. विमानतळावर काचेमागच्या त्या माणसाने विचारलं, तेव्हा मी एवढंच सांगायला हवं होतं. त्याने मला तिथूनच परत पाठवलं असतं, आणि केतकी चौलात आली की आजही कुंपणापलीकडून मला हाक मारत असती.